पावसाळ्यात होडी वर घेताय? मग या चुका तरी करू नका

१ जूनला मासेमारी बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत, आणि तरी आमच्या मालवणात ३१ मेच्या संध्याकाळीच सगळ्यांना जाग येते. होडी ओढली, ताडपत्री टाकली, झालं. मग ऑगस्टमध्ये होडीच्या मागे लावलेल्या इंजिनाची दोरी ओढून ओढून खांदा निखळला की आम्हाला फोन.

डोकं फिरवणारी चूक म्हणजे टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये ठेवलेलं पेट्रोल. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत दुसरं असतं काय! जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं आणि पाईप उचलतो ते तळातलंच. टू-स्ट्रोक इंजिनाला तर डबल मार, कारण मिसळलेलं ऑईल वरच्या पेट्रोलातच राहतं.

मी पण काही शहाणा नव्हतो. पहिल्या वर्षी ९.९ एचपीचं इंजिन तसंच झाकून ठेवलं, नारळी पौर्णिमेला पूजा झाली, नारळ सोडला, घरातली सगळी होडीत चढून बसली आणि इंजिन नुसतं फुरफुरतंय. अख्खा किनारा बघतोय. शेवटी काका म्हणाले, "वल्ही हायत ना?" कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे खालची वाटी, खोलला तर आत हिरवट चिकट घाण आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं केसाएवढं भोक बंद. (त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं.)

आता मी इंजिन ड्रमातल्या गोड्या पाण्यात पंधराएक मिनिटं चालवतो, कारण मीठ आतल्या वाटांत असतं, बाहेरून पाण्याचा पाईप मारून काय होणार? मग पेट्रोलची नळी काढून आपोआप बंद पडू देतो, बाऊलचा स्क्रू सोडून थेंब न् थेंब काढतो, स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑईल, आणि दोरी हळू चार-पाच वेळा. तासाभराचं काम, पण नवीन पोरांना तेवढाही धीर नाही, यूट्यूबवर स्प्रे बघतात आणि तोच मारून मोकळे.

गिअर ऑईल आत्ताच सोडून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पंखा काढा, मागे शाफ्टला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, गुंडाळलेली सापडते, तीच सील कापते. नवीन ऑईल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत.

इंजिन आडवं ठेवू नका, उभंच. बॅटरी घरी. ताडपत्रीखाली बांबू घाला, नाहीतर तिचं पोट सुटून पाणी साचतं, जुनी माणसं माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारायची ते उगाच नाही, वारा तरी खेळायचा.

आणि होडीचं बुच काढून ठेवा, नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडी वर, म्हणजे पाणी मागून निघून जाईल. ते बुच दोन महिन्यांनी सापडत नाही ही दुसरी गोष्ट. माझं मी स्टार्टरच्या मुठीलाच बांधून ठेवतो.