मातीचा प्रकार ठरवायचाय? मग प्रयोगशाळेत शेवटी जा

मृदाशास्त्राला नव्याने आलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नमुने किती घ्यायचे आणि कुठकुठल्या टेस्ट करायच्या? प्रश्न रास्त आहे, पण फार लवकर विचारलेला असतो. सामू, क्षारता, चुनखडी, सेंद्रिय कर्ब असे आकडे तक्त्यात भरले की मातीचा प्रकार आपोआप कळतो, अशी समजूत बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल वहीतून येते. मी एम.एस्सी.ला खानापूर तालुक्याच्या माळापासून पलूसच्या कृष्णाकाठापर्यंतची एक पट्टी घेऊन काम केलं, पुढे सर्वेक्षणाच्या कामानिमित्त सातारा-सांगलीत बरीच फिरले. त्यावरून सांगते: आधी जमिनीची ठेवण बघा, मग पाऊस, आणि प्रयोगशाळेत शेवटी जा. या क्रमाने गेलात तर एखादा आकडा खोटं बोलत असला की लगेच ध्यानात येतं.

हे शिकायला सातारा-सांगलीइतका सोयीचा मुलूख नाही. खाली दगड एकच, दख्खनचा बसाल्ट. पाऊस मात्र महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे आणि माण, आटपाडी, जतकडे पाचशेच्या आसपास. वर घाटमाथ्यावर इतकं पाणी दगडातून मुरून गेलंय की सिलिका आणि चुना धुऊन गेला, लोह-ॲल्युमिनियम मागे राहून जांभा झाला. कासचं पठार त्याच जांभ्याचं आहे. तोच दगड पूर्वेकडे कमी पावसात झिजला की त्यातून फुगणारी स्मेक्टाइट चिकणमाती होते आणि चुना जागच्या जागी साठतो. दगड तोच ठेवून हवामान बदलून बघायचा प्रयोग निसर्गाने इथे आधीच करून ठेवलाय.

एका गावापुरतं बघायचं तर पाऊसही सारखाच असतो, तिथे उतार बोलतो. माळावर वीतभर मुरमाड, उताराच्या पोटाला मध्यम खोलीची भुरकट जमीन, खाली ओढ्याकडे खोल काळी, आणि नदीलगत गाळाची मळी. पुस्तकात हा क्रम सुबक चित्रात दिलेला असतो. तो पाठ करून रानात जाऊ नका. बसाल्टचे थर एकावर एक असल्याने आपल्याकडचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत, आणि मधल्याच एखाद्या सपाट पायरीवर वरून आलेली चिकणमाती साठून चांगली कमरेएवढी काळी जमीन सापडते. नकाशावर ती उतारात मोडते. म्हणून १:५०,००० ची टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा उंचीचा डेटा घरी बघायचा, पण खड्ड्याच्या जागा पायी फिरून, ऑगर म्हणजे मातीचं गिरमिट मारून ठरवायच्या.

फिरताना शेतकऱ्याचे शब्द वहीत जसेच्या तसे लिहा. चोपण, खारवट, शेडवट, चिबड, मळी हे शब्द गोलमाल वाटले तरी त्यांत निरीक्षण भरलेलं असतं. एका रानाला मालक चोपण म्हणतो आणि बांधापलीकडच्याला नुसतं खारवट, तेव्हा पहिल्यात सोडियम बसलाय आणि दुसऱ्यात नुसते विरघळणारे क्षार आहेत, अशी शक्यता धरून चालायला हरकत नाही. वापसा, म्हणजे भिजलेली जमीन पुन्हा मशागतीजोगी होणं, किती दिवसांत येतो हे तर आवर्जून विचारा. पाणी मातीतून किती वेगाने उतरतं, याचं ते फुकटात मिळालेलं मोजमाप असतं. बोलायला लोक तयार असतात, फक्त आधी तुम्ही कोण ते सांगावं लागतं. कडेगावकडे एका खड्ड्यापाशी आजोबा येऊन उभे राहिले.

“काय वं म्याडम, विहीर पाडतायसा व्हय?”

“नाही आजोबा, माती बघतोय. खाली कशी आहे ती.”

“मग मला इचारायचं की. हातभर काळी, मग पांढरी लागंल, मग मुरूम.”

खड्डा पूर्ण झाला तेव्हा क्रम अगदी तोच निघाला. ‘पांढरी’ म्हणजे चुनखडीच्या खड्यांचा थर.

खड्डा दीड मीटर किंवा दगड लागेपर्यंत, आणि एक बाजू अशी ठेवा की तिच्यावर थेट ऊन येईल. जेसीबीने खणलात तर बघायची बाजू शेवटी हाताने, चाकूने तासून घ्या. बकेटच्या दातांनी चोळलेली चिकणमाती चकाकते आणि नवख्याला तीच स्लिकनसाइड वाटते. खरी स्लिकनसाइड म्हणजे माती फुगताना एक ढेप दुसरीवर घासून झालेला गुळगुळीत, रेघोट्या असलेला तिरपा पृष्ठभाग. माती थोडी ओलसर असताना ती नीट दिसते, म्हणजे शाळू (रब्बी ज्वारी) उभा असताना. भेगा मात्र एप्रिल-मेमध्येच मोजायच्या. म्हणून एकाच जागी दोन हंगामांत जावं लागतं, आणि ते प्रबंधाच्या वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

व्हर्टिसॉल, म्हणजे फुगणारी-भेगाळणारी चिकण जमीन, म्हणायला काय लागतं ते तोंडपाठ हवं. १९७५ साली अमेरिकन कृषी खात्याने प्रसिद्ध केलेली आणि पुढे सुधारत गेलेली सॉइल टॅक्सॉनॉमी आपल्याकडे वापरतात. तिच्यात वरच्या ५० सेंटीमीटरपर्यंत किमान ३० टक्के चिकणमाती, उघडझाप करणाऱ्या भेगा, आणि १ मीटरच्या आत किमान २५ सेंटीमीटर जाडीच्या थरात स्लिकनसाइड किंवा पाचरीच्या आकाराच्या ढेपा, या तिन्ही गोष्टी लागतात. नुसता काळा रंग पुरत नाही. आपल्याकडच्या कितीतरी काळ्याभोर जमिनी खोली कमी पडल्यामुळे इन्सेप्टिसॉल या कमी विकसित जमिनींच्या वर्गात जातात. शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो हसतो, आणि त्याच्या जागी तो बरोबर असतो.

आता हवामान. इथे बहुतेक जण तालुक्याची वार्षिक सरासरी लिहून मोकळे होतात. सरासरी काही सांगत नाही. पूर्व भागात पाऊस जून-जुलैत थोडा पडतो, मध्ये ओढ देतो आणि सप्टेंबरला पुन्हा येतो. माती कधी भरते आणि कधी सुकते हे महिन्यांच्या आकड्यांवरच कळतं. शक्य तर ३० वर्षांचा मासिक पाऊस घ्या, बाष्पीभवनाचा अंदाज घ्या आणि पाण्याचा ताळेबंद मांडा. ताळेबंदात मातीची साठवण क्षमता घालावी लागते. तिथे सगळ्या जमिनींना सरसकट १०० मिलिमीटर धरायची वाईट सवय आहे. उदाहरणादाखल हिशेब करा. १ मीटर खोल काळ्या जमिनीत ३३ किलोपास्कल (माती पाणी धरून ठेवते ती हद्द) आणि १५०० किलोपास्कल (पीक सुकतं ती हद्द) यांच्या ओलाव्यातला फरक १६ टक्के आणि घनता १.३ असेल, तर साठवण २०८ मिलिमीटर. शेजारच्या २५ सेंटीमीटर मुरमाडात फरक ८ टक्के, घनता १.५ आणि निम्मे खडे असतील, तर १५ मिलिमीटर. पाऊस दोन्हींवर एकच पडला. एकीत त्यावर शाळू निघतो, दुसरीत मटकीसुद्धा माना टाकते.

दोन बारकावे असे आहेत की तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. पहिला: मातीच्या तापमानाचा वर्ग ठरवताना उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट आणि हिवाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. आपला उन्हाळा एप्रिल-मेचा, म्हणून मुलं ते महिने धरतात आणि फरक फुगतो. व्याख्येप्रमाणे, ५० सेंटीमीटर खोलीवर, फरक ६ अंशांपेक्षा कमी आणि वार्षिक सरासरी २२ किंवा जास्त असेल तर आयसोहायपरथर्मिक. दुसरा: ओलाव्याचा वर्ग ओलिताशिवायच्या स्थितीवर ठरतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं, बारमाही ऊस उभा राहिला आणि भेगा दिसेनाशा झाल्या, तरी वर्गीकरणात ती जमीन कोरडवाहू धरून बघायची. वर्षातून एकूण ९० किंवा त्याहून जास्त दिवस ५ मिलिमीटर रुंद भेगा राहिल्या असत्या का, हा अस्टर्टचा, म्हणजे व्हर्टिसॉलच्या आपल्याकडच्या उपवर्गाचा निकष आहे. तो तपासायला मी बांधाकडेची न भिजणारी पट्टी शोधते.

मग प्रयोगशाळा. पद्धती मॅन्युअलमध्ये आहेत, त्या इथे देत नाही. आकड्यांनी एकमेकांची साक्ष काढायची कशी, तेवढंच सांगते.

पिपेट पद्धतीत माती पाण्यात ढवळून, जाड कण खाली बसल्यावर नमुना उचलतात; तिने चिकणमाती मोजताना वेळ तापमानावर ठरतो. १० सेंटीमीटर खोलीवरून २ मायक्रॉनचा भाग उचलायला २० अंशांना साधारण आठ तास लागतात, ३० अंशांना साडेसहाच्या आत. मिरजेच्या मे महिन्यात आठ तास थांबलात तर चिकणमाती कमी भरणार. ती बरोबर आली का, हे १५०० किलोपास्कलच्या ओलाव्यावरून पडताळा. तो चिकणमातीच्या साधारण ०.४ पट असतो. ०.६ च्या वर गेला तर माती नीट सुटी झालेली नाही असं समजा आणि पुन्हा करा.

सीईसी, म्हणजे मातीची कॅटायन (कॅल्शियम, सोडियमसारखे धनभारित आयन) धरून ठेवायची क्षमता, हा आपल्या भागातला सगळ्यात फसवा आकडा. चुनखडीच्या मातीत अमोनियम ॲसिटेट सामू ७ वर वापरलं की मोकळा चुनाही विरघळतो आणि कॅल्शियम वाढून दिसतं. विनिमयक्षम कॅटायनांची बेरीज सीईसीपेक्षा जास्त आली तर घाबरू नका, त्याचं कारण तोच चुना, ज्याच्यामुळे खड्ड्यात आम्ल टाकल्यावर फसफस होते. अशा मातीत सीईसीसाठी ८.२ सामूचं सोडियम ॲसिटेट वापरतात. सीईसीला चिकणमातीच्या टक्क्यांनी भागून बघा; स्मेक्टाइटच्या जमिनीत गुणोत्तर ०.६ च्या वर यायला हवं. खूप खाली आलं तर एक तर आकडा चुकलाय, नाहीतर तुम्ही समजता ती माती ती नाही.

क्षारतेच्या बाबतीत ४ डेसीसायमन प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची आहे. मृदा चाचणीत सहसा एक भाग माती, अडीच भाग पाणी असं १:२.५ चं द्रावण असतं, त्यात क्षार पातळ होतात. १:२.५ चा २ आकडा बघून ‘जमीन ठीक’ म्हणाल तर शेतकऱ्याचं नुकसान करून बसाल. खारवट मातीत क्लोराइडमुळे वॉकली-ब्लॅक या नेहमीच्या पद्धतीने मोजलेला सेंद्रिय कर्बही फुगतो. काळ्या जमिनीत कर्ब अचानक छान आला की आनंदी होण्याआधी ईसी (क्षारतेचा आकडा) बघा आणि सिल्व्हर सल्फेट घालून पुन्हा करा. विनिमयक्षम सोडियम काढताना विरघळलेला सोडियम वजा करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक खारवट जमीन चोपण ठरेल.

जमिनीची ठेवण, हवामान आणि प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय अर्थ लागत नाही, याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे वाळवा-पलूस-मिरजेची क्षारपड जमीन. नुसता तक्ता बघितला तर वाटतं, मातीच खराब. हवामान बघितलं तर कळतं की बाष्पीभवन पावसापेक्षा खूप जास्त, म्हणजे वर आलेले क्षार धुऊन जायला पुरेसं पाणी वरून पडत नाही. आणि जमिनीची ठेवण बघितली की कळतं, खराबी सगळीकडे नाही. वरच्या अंगाला कालवा किंवा पाट, खाली बशीसारखा भाग, आणि मध्ये पाणी न सोडणारी चिकणमाती. वरचं रान तेच पाणी, तीच खतं घेऊन चांगलं राहिलेलं असतं. कालव्याचं पाणी आल्यावर मातीचं काय होतं हा प्रश्न या भागात नवा नाही. नीरा उजव्या कालव्याच्या आणि प्रवरेच्या कालव्याखालच्या जमिनींचं बसू आणि सिरूर यांचं वर्गीकरण १९३८ सालचं आहे, आणि पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र नीरा कालव्याच्याच परिसरात फलटण तालुक्यात आहे. क्षारपड जमिनीवरचं काम बघायचं असेल तर सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रावर एक चक्कर माराच.

नोकरीचं थोडक्यात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या प्रकल्पांत रिसर्च फेलोच्या जागा निघतात, पुढे संशोधनात राहायचं तर नेट द्यावी लागते. नाहीतर कृषी विभाग, माती परीक्षण प्रयोगशाळा, साखर कारखान्यांचे शेती विभाग आहेत. मुलाखतीत उपकरणांची नावं सगळेच सांगतात. स्वतः लिहिलेलं एखादं प्रोफाइलचं, म्हणजे खड्ड्यातल्या थरांचं वर्णन सोबत नेलंत तर गप्पा तिथेच वळतात.

शेवटी प्रबंधात नाव येतं ते काहीसं असं: अतिसूक्ष्म, स्मेक्टिटिक, आयसोहायपरथर्मिक सोडिक हॅप्लस्टर्ट. ज्याच्या रानात खड्डा खणला त्याला मात्र एक पान साध्या मराठीत लिहून द्या. नाव नको, निर्णय हवा. त्याचा प्रश्न बहुधा एकच असतो: जिप्सम आधी टाकू की निचरा आधी करू? पाणी बाहेर जायला वाट नसेल तर निचरा आधी, कारण जिप्समने सुटलेला सोडियम शेवटी पाण्याबरोबरच बाहेर पडायचा असतो. जमीन चुनखडीची असेल तर गंधकही चालतं. आणि वरच्या अंगाच्या पाटाचं पाझरणं थांबत नसेल तर निचऱ्याचा पाइप एकट्याच्या शेतात टाकून भागत नाही. शेजाऱ्यांना बरोबर घ्यावं लागेल, हेही त्याच पानावर लिहा, आणि खाली उताराचं एक कच्चं चित्र काढून कोणाकोणाची रानं एका निचऱ्यात येतात ते दाखवा.