जर्मन आणि फिलॉसॉफी एकत्र करताय? मग या चुका टाळा

सोलापुरात जर्मन शिकतोय म्हणलं की लोक विचारतात, नर्सिंगला जाणार का इंजिनिअरिंगला, आणि फिलॉसॉफीसाठी म्हणून सांगितलं की समोरचा गप्पच होतो. ते सोडा. खरा घोळ वेगळाच आहे. लोक दोन विषयांच्या दोन वह्या करतात, जर्मनच्या वहीत बाजारहाट आणि 'माझं कुटुंब', फिलॉसॉफीच्या वहीत कांट-हेगेल हे जर्मन तत्त्वज्ञ, तेही सगळे इंग्रजी गाईडमधून. मग बी1 (जर्मनची मधली पातळी) पास होतो, पण कांटचं एक पान मूळ जर्मनमधून लागत नाही.

बहुतेक वेळा नडतं ते आर्टिकल. डेअर-डी-डास (नामाआधी येऊन त्याचं लिंग दाखवणारे शब्द) चुकलं तर जाऊन जाऊन अर्धा मार्क जाईल म्हणून लोक सोडून देतात. पण कांटचं वाक्य कधी कधी अर्धं पान चालतं आणि मधेच 'झी' (म्हणजे ती) येतं, आता ही 'झी' कोण? फेर्श्टांड (आकलनशक्ती) पुल्लिंगी, फेर्नुन्फ्ट (विवेकबुद्धी) स्त्रीलिंगी, उर्टाइल (निर्णय) नपुंसकलिंगी हे पाठ असेल तर निम्मं कोडं तिथंच सुटतं. (निम्मंच हां, कारण एरफारुंग (अनुभव) पण स्त्रीलिंगीच आहे आणि अनेकवचनालाही 'झी'च लागतं, मग मागचा संदर्भ बघायचा.) इंग्रजी भाषांतरात ही खूण पुसली जाते, सगळीकडे नुसतं 'इट'. आपल्याला तो-ती-ते लहानपणापासून आहे, क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबायचीही सवय आहे, त्याचा फायदा घ्या की ओ. फक्त मराठीचं लिंग तिकडं लावू नका, जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे.

शब्द डिक्शनरीत बघूनही अर्थ लागत नसेल तर आधी वाक्याचं शेपूट बघा. 'फेंग्ट' दिसलं, 'फांगेन' शोधलं, अर्थ निघाला पकडणे, आणि पुढं सगळं गंडलं, कारण शेवटी एकटा 'आन' बसलेला असतो आणि मूळ क्रियापद आनफांगेन, म्हणजे सुरू होणे. जुन्या आवृत्त्यांत स्पेलिंगही वेगळं, 'झाइन'मध्ये (असणे) आयच्या जागी वाय, 'टाइल'मध्ये (भाग) टीनंतर एच. ती छपाईची चूक नाही.

आणि कृपा करून सुरुवात हायडेगर या तत्त्वज्ञाच्या 1927च्या 'झाइन उंड त्साइट'ने (असणे आणि काळ) करू नका, त्या माणसाने निम्मी भाषा स्वतःच घडवलीय. कांटचा 1784चा, प्रबोधन म्हणजे काय यावरचा निबंध घ्या, थोडक्या पानांचा आहे, नेटवर फुकट मिळतो. एका बैठकीला एकच परिच्छेद, आधी मुख्य क्रियापद आणि कर्ता शोधायचा, मग पोटवाक्यं सुटी करायची आणि भाषांतर सगळ्यात शेवटी उघडायचं. परीक्षेला हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना एक परिच्छेद आरामात होतो.

जर्मनीत अॅडमिशन घेणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे जर्मानिस्टिक हा भाषा शिकायचा कोर्स समजणं. तिथं साहित्य, भाषाशास्त्र, वर मध्ययुगीन जर्मन, आणि भाषा येते हे धरूनच चालतात, साधारण सी1 (बी1च्या दोन पायऱ्या वरची पातळी), नाहीतर डीएसएच 2 किंवा टेस्टडाफच्या चारही भागांत 4 (या दोन्ही विद्यापीठ प्रवेशाच्या जर्मन परीक्षा). फिलॉसॉफीबरोबर जोडविषय म्हणून घेता येतो, पण आधी भाषा. काही ठिकाणी फिलॉसॉफीला लॅटिनही मागतात, ती अट कोर्सच्या नियमावलीत आत कुठंतरी असते, एपीएसच्या (जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रं तपासणारी संस्था) कागदांना हात घालायच्या आधी ती वाचून घ्या.