फिनलंडमधला लास्किआयनेनचा वीकेंड: या चुका टाळा

आमच्याकडे हेलसिंकीशेजारच्या एस्पोला दर हिवाळ्यात पुण्याहून कुणी ना कुणी येतं. बॅगेत तीन स्वेटर, दोन मफलर, कानटोपी असते, आणि अंगात सुती बनियन, पायात जीन्स. गारठण्याची धास्ती सगळ्यांनाच असते, पण मी पाहुण्यांचे जे हाल पाहिले ते बहुतेक वेळा भिजल्यामुळे झाले. कधी घामानं भिजून, कधी कपड्यांवर वितळलेल्या बर्फानं.

आधी तारखा. लास्किआयनेन हा घसरगुंडीचा सण ईस्टरच्या सात आठवडे आधी येतो, म्हणून तारीख दरवर्षी बदलते. सणाचे दिवस दोन, रविवार आणि मंगळवार. २०२७ मध्ये ते ७ आणि ९ फेब्रुवारीला आहेत. मागच्या वर्षीची तारीख पाहून तिकीट काढलं की सण हुकतो. शाळांच्या हिवाळी सुट्ट्या भागाभागानुसार वर्षाच्या आठव्या, नवव्या किंवा दहाव्या आठवड्यात असतात. त्या दिवसांत जायचं असेल तर कॉटेज फार आधी धरावं लागतं. हेलसिंकीत फेब्रुवारीच्या सुरुवातीला उजेड जेमतेम आठ तास असतो, त्यामुळे स्कीइंग सकाळीच उरका. अंधारात चालताना कोटाला रिफ्लेक्टर लटकवा. इथल्या कायद्यातच ते सांगितलंय.

कपड्यांची चूक सर्वांत महाग पडते. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम पाठीवर बर्फासारखा लागतो. आत लोकरीचा पातळ थर, वर फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट, एवढं पुरतं. घरातून निघताना थोडं गार वाटायलाच हवं. तेव्हाच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटणार. बुटात दोन-दोन मोजे कोंबू नका, पाय आवळला की जास्त गारठतो. एक जाड लोकरीचा मोजा आणि बोटं हलवायला जागा असू द्या. हातमोज्यांची दुसरी कोरडी जोडी मात्र हवीच. फोन आतल्या खिशात ठेवा, बाहेर बॅटरी झपाट्यानं उतरते.

स्कीइंगसाठी हेलसिंकीतलं पालोहेइना बरं, तिथे साहित्य भाड्यानं मिळतं. 'पितोसुक्सेत' मागा. या स्कीच्या तळाला मधोमध पकड असते, मेण लावायची कटकट नाही. बर्फात कोरलेल्या दोन समांतर खाचा म्हणजे 'लातू'. त्यावरून पायी चालू नका, फोटोपुरतंसुद्धा नाही. कुणीतरी पहाटे यंत्र फिरवून ती वाट तयार केलेली असते आणि बुटाच्या खड्ड्यात मागच्याची स्की अडकते.

पाय मागेच घसरतोय? म्हणजे सगळं वजन एका पायावर येत नाहीये. एका स्कीवर पूर्ण भार द्या, मग दुसरी पुढे सरकवा. सारखे पडताय? नजर स्कीच्या टोकांवर असेल, ती समोर दूर ठेवा आणि गुडघे सैल सोडा. उतारावर वेग आवरेना तर कडेला बसून घ्या. तसं पडणं सर्वांत सुरक्षित. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठता उठता पुन्हा घसराल.

टेकडीवर 'पुल्का' म्हणजे प्लास्टिकची घसरगाडी घेऊन मुलं-मोठे सगळेच येतात. जुनी समजूत अशी की जितकी लांब घसरण, तितकं जवसाचं झाड उंच वाढणार. म्हणून 'पित्किआ पेल्लाविआ', लांब जवस होऊ दे, अशी आरोळी ठोकतात. आपल्यासारख्या पीकपाण्यात वाढलेल्यांना ती लगेच आपली वाटते, मनापासून ओरडा! फक्त डोकं पुढे करून घसरू नका, मफलरची टोकं आत खोचा आणि खाली पोचताच बाजूला व्हा. वर चढायचं ते कडेनं. मंगळवारी काइवोपुइस्तोच्या टेकडीवर विद्यार्थ्यांची तोबा गर्दी असते, लहान मुलांना तिथे नेऊ नका.

गालावर किंवा बोटावर पांढरा, बधिर डाग दिसला तर तिथे बर्फ चोळू नका. उघड्या तळहाताची किंवा काखेची ऊब द्या आणि आत चला. संवेदना परत येत नसेल तर ११२ ला फोन करा.

सणाचं वाटाण्याचं सूप बहुधा डुकराच्या मांसाचं असतं, शाकाहारींनी विचारूनच घ्यावं. 'लास्किआयसपुल्ला' मात्र चुकवू नका. या गोड पावात वेलची असते, पोटात साय आणि बदामाचं सारण किंवा रासबेरीचा जॅम. यावरून इथे घराघरांत दोन तट असतात, मी बदामवाली.

सौना, म्हणजे तापवलेल्या खोलीतलं वाफेचं स्नान, शेवटी ठेवा. २०२० पासून ही परंपरा युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. हेलसिंकीत कोतिहार्यू हा १९२८ पासूनचा, लाकडावर तापणारा सार्वजनिक सौना आहे, बायका-पुरुष वेगळे. आत जाण्याआधी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढा. धातू तापून चटका बसतो. आधी अंघोळ, मग बुडाखाली छोटा टॉवेल आणि सुरुवात खालच्या बाकावर, कारण वर उष्णता जास्त. वाफेसाठी भट्टीच्या तापलेल्या दगडांवर पाणी ओतण्याआधी शेजाऱ्याला विचारा. पोहण्याचा पोशाख चालतो की नाही ते दारावरचा फलक सांगतो.

सौनानंतर गोठलेल्या पाण्यात पाडलेल्या बर्फाच्या भोकात उतरायचं असेल तर एकट्यानं कधीच नाही, आणि दारू घेऊन तर नाहीच. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लोकरीची टोपी डोक्यावर ठेवून शिडीनं सावकाश उतरा. पहिल्या क्षणी श्वास अडकतो, तेव्हा लांब उच्छ्वास सोडा आणि अर्ध्या मिनिटात बाहेर या. मग केस पूर्ण कोरडे करून, नवे कोरडे मोजे घालूनच स्टेशनकडे निघा.