पोरांना गोष्टींतून स्थलांतर कसं समजवायचं

सुरुवात घरापासून करा. कोकणात चाकरमानी नसलेलं घर शोधावंच लागेल, तेव्हा आधी पोरांना आजीआजोबांकडे पाठवा, मुंबईला कोण गेलं, का गेलं, एका खोलीत किती जण राहायचे, गावाला पैसे कसे यायचे, हे सगळं विचारून वहीत लिहून आणू दे. पुस्तक त्यानंतर. उलटं केलंत तर पुस्तकातलं पोर म्हणजे कुणीतरी लांबचं बिचारं, एवढंच डोक्यात राहतं.

पुस्तकांत शॉन टॅनचं ‘द अरायव्हल’ मिळालं तर बघा, 2006 चं आहे, परक्या शहरात कामाला गेलेल्या बापाची गोष्ट, पण सगळी नुसत्या चित्रांत. तिथल्या पाट्यांवरची लिपीपण बनवलेली, म्हणजे पोरांना वाचता येत नाही आणि बाईंनापण नाही, जाम मजा येते. पानं भराभर उलटू नका, एका चित्रावर थांबून ‘ह्याला इथे काय कळत नाहीये?’ एवढंच विचारा. खर्च नको असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहेच, मोबाईलवर मराठी गोष्टी फुकट.

बाहेरून आलेलं पोर नुसतं रडतंय आणि इथले सगळे त्याच्यावर दया करतायत असली गोष्ट सरळ बाजूला ठेवा. नुसते सण, कपडे आणि खाणं दाखवणारीपण. (असलीच जास्त मिळतात म्हणा.) गोष्टीतल्या पोराने खोड्या काढल्या पाहिजेत, भांडलं पाहिजे.

मग आपला किनारा घ्या. थिबा राजाला इंग्रजांनी ब्रह्मदेशातून काढलं, 1886 पासून तो रत्नागिरीत, 1916 ला इथेच वारला. अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, सांगतात की पूर्वज गलबत फुटून नवगावला लागले, पुढे तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, आणि 1948 ला इस्रायल झाल्यावर त्यांतले बरेच तिकडे गेले. फळ्यावर तीन रकाने करा, आपणहून आलेले, आणलेले, निघून गेलेले, आणि आजोबांसकट सगळ्यांना त्यात बसवायला सांगा. वाद होतो, होऊ द्या.

वर्गात आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराचं पोर असेल तर त्याला उभं करून ‘तुमच्याकडे काय करतात सांग बघू’ हे अजिबात नको. त्यापेक्षा तो तयार आहे का ते बाजूला विचारा आणि स्टोरीवीव्हरवरची एखादी नेपाळी गोष्ट काढा, लिपी देवनागरीच असल्याने आपल्या पोरांना अर्थ न कळतापण मोठ्याने वाचता येते. चुका काढायचं काम त्याच्याकडे द्या.