जैन बर्गरची चव तपासायची सोपी रीत

कॉलेजबाहेरच्या स्टॉलवर जैन मुलांसाठी बर्गर ठेवायचा तर नुसता कांदा काढून भागत नाही, टिक्कीतला बटाटाही चालत नाही. शिवाय चव विचारली की ओळखीचे सगळे ‘मस्त’च म्हणतात.

१. कच्ची केळी सालासकट उकडा, पूर्ण गार झाल्यावर किसा. गरम किसली की लगदा होतो. आल्याऐवजी सुंठ, सोबत हिरवी मिरची, जिरेपूड आणि बांधायला पोह्यांचा चुरा.

२. दोन प्रकार करा, पण फरक एकाच गोष्टीचा, समजा सुंठीचा. प्लेटांवर ४१७ आणि ८६२ असे कुठलेही आकडे टाका. १-२ लिहिलं की १ नंबरच बरा वाटतो.

३. जे खरंच विकत घेतील अशा १०-१२ मुलांना द्या, निम्म्यांना उलट क्रमाने. मधे पाणी.

४. मग प्लेटा बघा. मला सगळ्यात जास्त यातूनच कळतं. पावाच्या कडा उरल्या असतील तर टिक्की पावापेक्षा लहान पडली आहे.

तेल आणि तवा वेगळाच ठेवा. मेयोनीजच्या पाकिटावरचे घटकही वाचा, त्यात अंडं किंवा लसूण असू शकतं.