वनस्पतिज संयुग प्रतिकारपेशींना शमवते की मारते, हे कसे तपासावे

हळदीतील कर्क्युमिन किंवा कांद्यातील क्वेर्सेटिनसारखे संयुग प्रतिकारपेशींची सक्रियता कमी करते, असे लिहिण्यापूर्वी त्या पेशी जिवंत होत्या याची खात्री करावी, कारण मेलेली पेशीही दाहकारक द्रव्ये तयार करत नाही आणि अंतिम आकड्यात हा फरक दिसत नाही.

सुरुवातीला उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी, सोयीच्या पडतात. संयुग डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवावे, माध्यमात या द्रावकाचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवावे आणि नुसता द्रावक दिलेला एक गट, तसेच डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारे औषध दिलेला दुसरा गट तुलनेसाठी सोबत ठेवावा. तासाभराने लिपोपॉलिसॅकराइड हे जिवाणूंच्या आवरणातील द्रव्य घालून पेशी उत्तेजित कराव्यात. २४ तासांनी वरच्या द्रवातील नायट्राइट (पेशींनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण) रंग देणाऱ्या ग्रीस अभिकर्मकाने ५४० नॅनोमीटरवर मोजावे, तर टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन प्रतिपिंडांवर आधारलेल्या एलायझा चाचणीने.

पेशी जिवंत आहेत का, हे पाहण्यासाठी बहुतेक जण एमटीटी चाचणी करतात आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथेच होते. या चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळे फॉर्मॅझान बनवतात. परंतु क्वेर्सेटिनसारखी पॉलिफिनॉले (वनस्पतिज संयुगांचा एक वर्ग) पेशींच्या मदतीशिवायही तेच घडवून आणतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत भासतात. म्हणून चाचणीच्या ताटलीतील पेशी नसलेल्या खळग्यांतही संयुग घालून पाहावे, एमटीटी घालण्यापूर्वी पेशी धुवाव्यात आणि फक्त मृत पेशींत शिरणाऱ्या प्रोपिडियम आयोडाइड या रंगद्रव्याने मृत पेशी वेगळ्या मोजाव्यात. कर्क्युमिन स्वतः पिवळे आणि प्रतिदीप्त असल्यामुळे रंगावर किंवा प्रतिदीप्तीवर आधारलेल्या प्रत्येक मापनात त्याचा स्वतंत्र कोरा नमुना (पेशींविना फक्त संयुग) लागतो.

संपूर्ण अर्क वापरत असल्यास त्यातील जिवाणूजन्य एंडोटॉक्सिन, म्हणजे लिपोपॉलिसॅकराइडच, आधी तपासावे. त्याच्या अल्प मात्रेच्या पूर्वसंपर्काने मॅक्रोफेज पेशी पुढच्या उत्तेजनाला कमी प्रतिसाद देतात, आणि त्याचे श्रेय चुकून वनस्पतीला मिळते.

यानंतरच कार्यपद्धतीकडे वळावे. एनएफ-कप्पा-बी हे दाहाची जनुके चालू करणारे प्रथिन आयकप्पाबी या दुसऱ्या प्रथिनाने पेशीद्रवात अडवून धरलेले असते. उत्तेजनानंतर आयकेके विकर आयकप्पाबीला फॉस्फेट जोडते, आयकप्पाबी नष्ट होते आणि मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते. त्यामुळे उत्तेजनानंतर १५ ते ३० मिनिटांनी वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने ओळखण्याच्या पद्धतीने आयकप्पाबी टिकून आहे का, म्हणजे संयुगाने हा मार्ग अडवला का, ते पाहावे.

शेवटी काही पेशींना फक्त संयुग द्यावे, ते धुऊन काढावे, ताज्या माध्यमात पेशींना अवधी द्यावा आणि मग उत्तेजित करावे. प्रतिसाद परतला तर पेशी केवळ शमल्या होत्या. परतला नाही तर मात्र लगेच मृत्यूचा निष्कर्ष काढू नये, कारण पार्थेनोलाइडसारखी संयुगे आयकेकेशी सहसंयुजी, म्हणजे पक्क्या रासायनिक, बंधाने जोडली जातात आणि धुऊनही सुटत नाहीत.