हिरड्यातून रक्त येतंय? मग या चुका करू नका

आईच्या हिरड्यातून रक्त यायला लागलं तेव्हा तिनं ब्रशच बंद केला. घासलं की रक्त येतंय म्हणजे घासायचंच नाही, असं सरळ गणित. ब्रशच्या जागी मिश्री आली. आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरी मिश्रीची डबी असतेच, आईकडंपण होती. ही पहिली चूक आणि सगळ्यात मोठी. रक्त येतं ते तिथं घाण साठून हिरडी सुजलेली असते म्हणून, घासणं सोडलं की ती घाण दातावर दगडासारखी घट्ट बसते, त्यालाच कीटण म्हणतात, आणि मग ती ब्रशनं निघतच नाही. मऊ ब्रश घ्या, हलक्या हातानं, पण हिरडीच्या कडेला घासाच. आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, औषध नाही.

दुसरी चूक म्हणजे रक्त थांबलं की बरं झालं असं समजणं. विडी सिगारेट ओढणाऱ्यांचं तर रक्त आधीच कमी येतं, निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं आत हाड झिजत असलं तरी वरून काही कळत नाही. दुखतही नाही बहुतेक वेळा. म्हणून डॉक्टरनी नुसतं तोंड बघून "सफाई करून घ्या" म्हटलं तर विचारा, पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोल फट, मोजले का? आईचं मोजताना मी शेजारीच उभी होते. बारीक खुणांची सळई दात आणि हिरडीच्या मधे हळूच सरकवायची, आकडा मोठ्यानं सांगायचा, मदतनीस पोरगी लिहून घ्यायची. तीन, दोन, तीन, सहा. सहाला डॉक्टर थांबले आणि परत मोजलं. 3 मिलीमीटरपर्यंत ठीक असतं, 4 च्या पुढं रक्तासकट असेल तर काळजी, मग एक्सरेमधे हाड किती गेलंय ते बघतात. नुसती सूज असेल तर पूर्ण बरी होते, पण गेलेलं हाड सहसा परत येत नाही, उपचारानं पुढची झीज थांबवता येते. म्हणून म्हणते उशीर करू नका.

सफाईनंतर बरेच जण घाबरतात, दात हलायला लागले, फटी पडल्या, गार पाणी झोंबतंय, म्हणजे डॉक्टरनीच बिघडवलं! तसं नसतं. फटी आधीपासूनच होत्या, कीटणानं बुजल्या होत्या आणि सूज उतरली की हिरडी आक्रसते. झोंबणं काही आठवड्यात कमी होतं. शेंगाचटणीचे कण अडकतात म्हणून काडीनं टोकरू नका, फटीत बसेल असा छोटा ब्रश मिळतो, तो वापरा. खोल पॉकेट असतील तर मुळापर्यंत सफाई करतात, भूल देऊन, मग दोन-तीन महिन्यांनी परत मोजतात. ही परत मोजायची फेरी लोक चुकवतात. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून खाणं हा पण उपाय नाही, कीटण तिथंच राहतं.

आता शुगरचं. आईची शुगर गोळ्या वाढवूनही खाली येईना आणि दातांचा त्याच्याशी काही संबंध असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही, दोन डॉक्टर दोन गावचे असल्यासारखे. पण शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज शुगर आवरू देत नाही, दोन्हीकडून चालतं हे. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यात एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, साधारण 0.4 नं कमी होतो असं अभ्यासात दिसलंय. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. हृदयविकाराशीही संबंध दिसतो, पण हिरड्यांमुळंच अटॅक येतो असं सिद्ध नाहीये, उगाच कुणाला घाबरवू नका. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं थांबवू नका, दाताच्या डॉक्टरला आधी सांगा. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या फुगतात, तेही सांगा. गरोदरपणात हिरड्यातून रक्त आलं तर "बाळंतपणानंतर बघू" म्हणू नका, मधल्या तीन महिन्यात सफाई आरामात करता येते.

आईचा सहाचा पॉकेट आता चारवर आलाय. डबी तिनं स्वतःच भावजयीच्या हातात देऊन फेकायला लावली, आणि पुढची मोजायची तारीख गड्ड्याच्या आधीची घेतलीय, जत्रेत विसरायला होतं म्हणून.